पवित्रा बदला, पण पायापासून

बॉक्सिंगमध्ये शिकवला जाणारा प्रत्येक बचाव काही गोष्टी घडणारच नाहीत या भरवशावर उभा असतो. समोरचा पट्ट्याखाली मारणार नाही, लाथ घालणार नाही, पाय धरून आडवा पाडणार नाही, मान बगलेत दाबून आवळणार नाही. हा भरवसा नियमांनी दिलेला आहे. १८६७ च्या क्वीन्सबेरी नियमांपासून आजवर बॉक्सर मंडळींनी त्याचा पुरेपूर उपयोग करून घेतला. जिथे फटका येणारच नाही तिथला पहारा काढून घेतला आणि तो डोके, बरगड्या, यकृत यांच्याभोवती लावला. म्हणून बॉक्सरचा बचाव पाहायला इतका देखणा आणि भेदायला इतका अवघड असतो. सिंधुदुर्गातल्या देवगड, जामसंडे, कुणकेश्वर, शिरगाव या भागात बॉक्सिंगची थोडीफार तालीम घेतलेली मुले-मुली आता शालेय स्पर्धांमुळे किकबॉक्सिंगकडे आणि मोबाईलवरच्या लढती पाहून मिक्स्ड मार्शल आर्ट्सकडे, म्हणजे एमएमएकडे, वळू लागली तर त्यांना पहिला सल्ला बहुधा हाच मिळेल: हात आणखी वर ठेव. हा सल्ला अपुरा आहे, काही वेळा घातकही आहे. नियम बदलले की बचावाचा पाया हलतो, आणि पाया हलला असताना वरच्या मजल्याची डागडुजी करून भागत नाही. पवित्रा बदलायचा तर आधी पावले, मग अंगाचा भार, मग कंबर, मग डोके आणि सर्वांत शेवटी हात, असा क्रम धरावा लागतो. या लेखाचे म्हणणे एवढेच आहे. ते का पटावे आणि अमलात कसे आणावे, ते पुढे पाहू.

पुरावा जुना आहे. २६ जून १९७६ रोजी टोकियोत मोहम्मद अली आणि जपानी कुस्तीगीर अंतोनिओ इनोकी यांची लढत झाली. त्या लढतीसाठी ठरवलेल्या खास नियमांमुळे इनोकी बराच वेळ पाठीवर पडून अलीच्या पायांवर लाथा मारत राहिला. पंधरा फेऱ्यांनंतर लढत बरोबरीत सुटली, पण अलीच्या पायांना प्रचंड सूज आली आणि रक्ताच्या गुठळ्या झाल्याने त्याला उपचार घ्यावे लागले. जगातला सर्वांत चपळ हेवीवेट बॉक्सर आपल्या पुढच्या पायाचे रक्षण करू शकला नाही, कारण तसे करण्याची वेळच त्याच्यावर कधी आली नव्हती. १९८८ मध्ये लास व्हेगासला अमेरिकेचा रिक रूफस थायलंडच्या चांगपुएक कियात्सोंगृतशी लढला. रूफस किकबॉक्सर होता, पण कमरेच्या वरच लाथा मारायच्या नियमांत वाढलेला. पहिल्या फेरीत त्याने चांगपुएकचा जबडा मोडला, तरी लढत हरला. मांडीवर एकामागून एक बसणाऱ्या लाथांनी त्याचा पाय निकामी झाला आणि उभे राहणेच अशक्य झाले. लाथ मारणारा खेळाडू असूनही हे घडले, हे इथे लक्षात ठेवण्यासारखे आहे. ज्या नियमांत तो वाढला त्या नियमांनी त्याचा पवित्रा घडवला होता.

पाडण्याच्या बाबतीत ऑगस्ट २०१० मधली बोस्टनची लढत जास्त बोलकी आहे. जेम्स टोनी हा तीन वजनगटांत जगज्जेता ठरलेला बॉक्सर, आणि खांद्याआड हनुवटी लपवून ठोसे घसरवून देण्याच्या ‘शोल्डर रोल’ बचावातला निष्णात. यूएफसी या एमएमए संघटनेच्या पिंजऱ्यात त्याच्यासमोर रँडी कुटूर हा कुस्तीतून आलेला खेळाडू होता. कुटूरने सुरुवातीलाच खाली वाकून टोनीचा पुढचा पाय धरला, त्याला पाडला आणि तीन मिनिटे एकोणीस सेकंदांत गळा आवळून लढत संपवली. टोनीची कला त्या दिवशी कमी पडली असे म्हणणे अन्यायाचे होईल. ती वापरण्याची संधीच त्याला मिळाली नाही. जानेवारी २०२१ मध्ये अबू धाबीत डस्टिन पोइरियेने कॉनर मॅकग्रेगरच्या पुढच्या पायाच्या पोटरीवर लाथा मारून त्याचे पाऊल बधिर केले आणि दुसऱ्या फेरीत ठोशांनी त्याला खाली आणले. मॅकग्रेगरने २०१७ मध्ये फ्लॉइड मेवेदरशी बॉक्सिंगची लढत दिली होती, आणि अबू धाबीत तो पुढच्या पायावर भार टाकून, बॉक्सरसारखा तिरका उभा होता. या चारही लढतींत हात खाली असल्याने कुणी हरले नाही. दुबळा ठरला तो पुढचा पाय.

यावर हरकत घेतली जाईल की बॉक्सर जिंकलेही आहेत, आणि ते खरे आहे. जून २००९ मध्ये ऑलिंपिक सुवर्णपदक विजेता बॉक्सर रे मर्सर एमएमएच्या लढतीत उतरला. यूएफसीचा माजी विजेता टिम सिल्व्हिया याने पायावर लाथ मारली आणि मर्सरने उजव्या हाताच्या एकाच ठोशात त्याला नवव्या सेकंदाला झोपवले. पण या विजयात बचाव कुठेच नव्हता. मर्सरने लाथ अडवली नाही, ती सोसून तो मारून मोकळा झाला. अशा ठोशावर कुणी योजना आखू नये, आणि नवशिक्या मुलांनी तर मुळीच नाही. हॉली होमचे उदाहरण वेगळे आहे. बॉक्सिंगची अनेक वेळची जगज्जेती असलेल्या होमने नोव्हेंबर २०१५ मध्ये मेलबर्नला राँडा राउझीला हरवले ते बॉक्सिंगच्या पायांवरच, म्हणजे बाजूला सरकत, वळत, पकड निसटवत, आणि शेवटी डोक्यावर लाथ मारून. ती किकबॉक्सिंगही शिकलेली होती, तिचा पवित्रा रुंद होता आणि पुढचा पाय हलका. सर्वांत वजनदार हरकत मात्र शॉन स्ट्रिकलंडची आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सिडनीत त्याने इस्रायल अदेसान्यासारख्या कसलेल्या किकबॉक्सरला पाच फेऱ्यांत गुणांवर हरवले, आणि तेही खांद्याआडच्या जुन्या बॉक्सिंग बचावाच्या जवळ जाणाऱ्या पवित्र्यात. मग तो बचाव चालतो की नाही? त्या लढतीत हातांवरची नजर काढून फक्त पाय पाहिले की उत्तर मिळते. स्ट्रिकलंड जवळजवळ ताठ उभा असतो, भार मागे ठेवतो आणि पुढचा गुडघा सतत वर उचलून लाथ नडगीवर घेतो. हात बॉक्सरचे, पाय किकबॉक्सरचे. हात जसेच्या तसे ठेवता येतात ते पाय बदलल्यावरच.

सरावाला लागण्यापूर्वी एक प्रश्न आपल्या प्रशिक्षकाला विचारायलाच हवा: स्पर्धा कोणत्या नियमांची? किकबॉक्सिंग हा एकच खेळ नाही. वाको या जागतिक संघटनेला जुलै २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची पूर्ण मान्यता मिळाली. तिच्या नियमांत ‘फुल कॉन्टॅक्ट’ प्रकारात लाथ कमरेच्या वरच मारता येते, ‘लो किक’ प्रकारात मांडीवरही मारता येते, आणि ‘के-वन’ प्रकारात गुडघ्याचाही वापर चालतो. फुल कॉन्टॅक्टमध्ये बॉक्सरला पवित्रा फार बदलावा लागत नाही. बरगड्यांवर आणि डोक्यावर येणाऱ्या लाथांसाठी अंतर आणि कोपरे सुधारली तरी काम भागते. लो किकमध्ये पुढचा पाय मोकळा करावाच लागतो. के-वनमध्ये त्याशिवाय खाली वाकायची सवय मोडावी लागते. आणि एमएमएमध्ये हे सगळे करून वर पकड आणि जमीन यांचा विचार करावा लागतो. एका प्रकारासाठी घडवलेला पवित्रा घेऊन दुसऱ्यात उतरणे म्हणजे रूफसची चूक पुन्हा करणे. म्हणून खालचा सल्ला आपापल्या नियमांच्या मापाने घ्यावा.

आता पावले. देवगडच्या मुलांना मोठ्या शहरांतल्या चकचकीत जिममध्ये नसलेली एक सोय आहे, ती म्हणजे ओहोटीची ओली, घट्ट पुळण. तिच्यावर पवित्र्याचा ठसा उमटतो, आणि ठसा खोटे बोलत नाही. तुमच्या नेहमीच्या बॉक्सिंग पवित्र्यात उभे राहा, दोन-तीन जॅब मारा, एक पाऊल मागे घ्या आणि बाजूला होऊन ठसे बघा. बहुतेकांच्या बाबतीत असे दिसेल: पुढच्या पावलाची बोटे आत वळलेली, मागचे पाऊल जवळजवळ पुढच्याच रेषेत, आणि पुढच्या चवड्याचा खड्डा मागच्यापेक्षा खोल. ठोशांच्या खेळात हे ठीक आहे, कारण अंग तिरके राहते आणि मारायला जागा कमी मिळते. लाथांच्या खेळात हाच ठसा तीन धोके सांगतो. बोटे आत वळली की पोटरीची बाहेरची बाजू उघडी पडते. पावले एका रेषेत आली की पायावर बसलेल्या लाथेने तोल जातो आणि अंग अर्धे वळून पाठ समोरच्याला मिळते. पुढे भार असला की पाय उचलायला वेळ लागतो. म्हणून पुढच्या पावलाची बोटे सरळ समोरच्याकडे करा, मागचे पाऊल बाहेरच्या बाजूला साधारण एक वीत सरकवा, आणि दोन्ही ठशांची खोली सारखी होईल असा भार वाटा. मग तेच जॅब, तीच मागची पावले, तीच बाजूची हालचाल नव्या ठेवणीतून करा. दर दोन मिनिटांनी थांबून वाळू बघा. दमल्यावर ठसे पुन्हा एका रेषेत येऊ लागतात. तिथे थांबायचे, कारण त्यापुढचा सराव जुनी सवयच पक्की करतो. ओहोटीची वेळ रोज सुमारे पाऊण ते एक तास पुढे सरकते, त्यामुळे आठवड्याच्या वेळा आधीच ठरवून घ्या.

भाराची खरी परीक्षा सोपी आहे. पवित्र्यात उभे राहून, डोके जागचे न हलवता पुढचा पाय जमिनीवरून उचलून दाखवा. उचलण्यापूर्वी डोके मागे गेले तर भार पुढे होता आणि मांडीवर येणारी लाथ तुम्हाला गाठणार. जमले तर पुढची पायरी: गुडघा वर, बोटे वर ओढलेली, नडगी किंचित बाहेर वळवलेली, आणि लाथ नडगीच्या वरच्या भागावर, गुडघ्याच्या जरा खाली, जिथे हाड सर्वांत भक्कम असते. पोटरीवर खालून येणाऱ्या लाथेसाठी पाय उंच उचलायला वेळ नसतो. तिथे पाऊल झटकन मागे काढणे किंवा गुडघा बाहेर वळवून नडगी पुढे करणे हेच दोन उपाय. गुडघ्याच्या खाली, बाहेरच्या बाजूला पेरोनियल नर्व्ह हाडाला वळसा घालून जाते आणि तिथे तिच्यावर मांसाचे फार थोडे आवरण असते. पाऊल वर उचलणारे स्नायू याच नसेवर चालतात. म्हणून पोटरीवरच्या दोन-चार लाथांनी माणूस लंगडू लागतो, मग त्याची मांडी कितीही बळकट असो. हा बचाव दोन्हीकडे धार असलेला आहे. डिसेंबर २०१३ मध्ये ख्रिस वाइडमनने नडगी पुढे केली आणि लाथ मारणाऱ्या अँडरसन सिल्व्हाचाच पाय मोडला. एप्रिल २०२१ मध्ये वाइडमनच्या स्वतःच्या लाथेची तीच गत झाली. तेव्हा उघड्या नडगीवर उघडी नडगी आदळून सराव करण्याचे धाडस कुणीही करू नये. नडगीचे पॅड बांधून, थोपटल्यासारख्या जोराने, शेकडो वेळा करणे हाच मार्ग आहे.

पवित्रा रुंद आणि समोरासमोर केला की सरळ ठोशाला छाती-पोट जास्त मिळते, ही बॉक्सिंगच्या प्रशिक्षकांची तक्रार रास्त आहे. ती टाळता येत नाही, तिची भरपाई करावी लागते, आणि ती अंतराने होते. लाथ ठोशापेक्षा लांब पोचते. म्हणून बॉक्सर ज्या अंतरावर आरामात उभा राहतो, म्हणजे जॅबच्या जरासे बाहेर, तेच लाथेचे सर्वांत सोयीचे अंतर असते. तिथे रेंगाळायचे नाही. एकतर पूर्ण लाथेच्या बाहेर, नाहीतर ठोशाच्या आत. मधली पट्टी ओलांडायची, तिच्यात वस्ती करायची नाही. ही सवय लागली की समोरासमोर उभे राहण्याचा तोटा बराच कमी होतो, कारण समोरच्याचा जॅब लागेल इतके जवळ तुम्ही स्वतःच्या मर्जीने येता.

कंबर आणि पाय धरून पाडण्याचा प्रश्न आला की आपल्याकडे खजिना आहे आणि तो न वापरणे करंटेपणाचे ठरेल. फोंडा घाट चढून गेले की कोल्हापूर, आणि तिथल्या तालमीत दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात पोराला एकेरी पट, दुहेरी पट काढायला आणि चुकवायला शिकवतात. एमएमएमध्ये ज्याला सिंगल लेग, डबल लेग म्हणतात ते हेच. घाट चढायलाच हवा असेही नाही. सिंधुदुर्गात गावोगाव कबड्डी खेळली जाते, आणि चढाई करणाऱ्या खेळाडूचा पुढचा पाय नीट पाहा. तो पाय पुढे टाकतो पण त्यावर भार देत नाही, कारण घोटा पकडला गेला तर तो तत्काळ ओढून घेता आला पाहिजे. बॉक्सरने वर सांगितलेला हलका पुढचा पाय शिकायचा तर याहून चांगला शिक्षक मिळणार नाही. आठवड्यातून एक दिवस कबड्डीपटूंसोबत फक्त घोट्याच्या आणि मांडीच्या पकडीचा सराव केला तरी पाय धरला जाण्याची भीती आणि धांदल दोन्ही कमी होतात. प्रत्यक्ष बचावात गुडघे वाकलेले, कंबर जराशी मागे, पाठ सरळ, नजर वर. समोरचा पायांकडे झेपावला की दोन्ही पाय मागे फेकायचे, कंबर जमिनीकडे दाबायची आणि छातीचा भार त्याच्या खांद्यांवर टाकायचा. याला स्प्रॉल म्हणतात. बॉक्सरला यात अडचण येते ती हातांची. सवयीने त्याचे हात गालावर जातात आणि कंबर उघडी राहते. एमएमएमध्ये पुढचा हात छातीच्या उंचीपर्यंत खाली आणावा लागतो, म्हणजे समोरच्याचे डोके, खांदा किंवा बगल अडवता येते.

कुस्तीगिरांनाही हा बदल चुकत नाही. मूळचा कुस्तीतला महाराष्ट्राचा भरत खंडारे नोव्हेंबर २०१७ मध्ये शांघायला यूएफसीच्या पिंजऱ्यात उतरला. भारतातून त्या पिंजऱ्यात उतरणाऱ्या पहिल्यांपैकी तो एक. चीनच्या साँग यादोंगने त्याला पहिल्याच फेरीत गिलोटिन चोकमध्ये पकडले. एका लढतीवरून कुणाच्या तयारीचा निवाडा करू नये. पण गळा आवळण्याला कुस्तीत परवानगी नाही, आणि त्यामुळे डोके खाली घालून शिरण्याची सवय कुस्तीगिराला तितकी महाग पडत नाही, हे सर्वसाधारण सत्य आहे. बॉक्सरला पट्ट्याखाली संरक्षण मिळते, कुस्तीगिराला मानेभोवती. दोघांनाही ते सोडून यावे लागते.

डोक्याच्या हालचालीबाबत सर्वांत कठोर व्हावे लागते, कारण बॉक्सरला तिचाच सर्वांत जास्त अभिमान असतो. हुक चुकवण्यासाठी गुडघ्यात वाकून डोके समोरच्याच्या कमरेपर्यंत नेणे ही बॉक्सिंगमधली सुंदर हालचाल आहे. गुडघा आणि लाथ चालते त्या खेळात डोके तिथे नेऊन ठेवणे म्हणजे ते फटक्याच्या वाटेत ठेवणे. नियम असा धरा की तुमचे डोके समोरच्याच्या छातीच्या खाली जाणार नाही. चुकवणे चार बोटे सरकण्यापुरते, ते संपताच पाय हललेला असावा. दिशाही महत्त्वाची. समोरचा डावा पाय पुढे ठेवून लढत असेल तर त्याची जोरकस उजवी लाथ तुमच्या डाव्या बाजूला येते. म्हणून त्याच्या उजव्या ठोशाला चुकवण्यासाठी डावीकडे झुकलेले डोके त्या लाथेला जाऊन भेटते. शक्य तिथे उजवीकडे, त्याच्या जॅबच्या बाहेर सरका. कमरेतून मागे झुकून ठोसा सोडून देण्याची अलीची शैली इथे अर्धीच चालते. डोके वाचते, पण त्या क्षणी पुढचा पाय खिळलेला असतो. झुकण्याऐवजी पाऊल मागे घ्या.

हात सर्वांत शेवटी आले, ते दुय्यम आहेत म्हणून नाही. खालचे सगळे बसल्याशिवाय हात कुठे ठेवायचे हे ठरवताच येत नाही. दोन्ही मुठी गालाशी धरण्याचा ‘हाय गार्ड’ बॉक्सिंगमध्ये भक्कम वाटतो, कारण दहा औंसाचा, म्हणजे सुमारे २८३ ग्रॅमचा ग्लोव्ह स्वतःच ढालीसारखा असतो. एमएमएचा चार औंसाचा ग्लोव्ह सुमारे ११३ ग्रॅमचा आणि बोटे उघडी. त्याच्या आडून ठोसा सहज आत येतो. तिथे मूठ गालावर न ठेवता तळहात कपाळाच्या कडेला, केसांच्या रेषेवर घट्ट टेकवा आणि कोपर पुढे आणा, म्हणजे आवरण मनगट आणि कोपरापर्यंतच्या हाडाचे होईल. डोक्यावरची लाथ एका हातावर झेलू नका. दोन्ही हात त्या बाजूला आणा आणि त्याच वेळी पाऊल आत टाका, कारण मांडीजवळ लाथेत जोर नसतो. पायावरची लाथ हाताने खाली झटकण्याचा मोह तर कायमचा सोडा. खाली गेलेला हात पुढच्या वेळी डोक्यावरच्या लाथेला दार उघडून देतो, आणि कसलेला खेळाडू खाली दाखवून वर मारतो ते याचसाठी.

दोन्ही हात आडवे धरून कोपरांनी झाकणारा ‘क्रॉस गार्ड’, जो आर्ची मूर आणि पुढे जॉर्ज फोरमन वापरत, तो एमएमएमध्ये क्षणभर उपयोगी पडतो. ठोशांच्या माऱ्यातून आत शिरून पकड घेईपर्यंत तो उत्तम. समोरच्याची मूठ तुमच्या कोपरावर आदळली तर दुखणार त्यालाच. पण त्यात थांबून राहिलात तर हात अडकतात आणि पाय धरला जातो. खांद्याआडच्या बचावातून खाली ठेवलेला पुढचा हात आणि हनुवटीशी टेकलेला खांदा या दोन गोष्टी ठेवण्यासारख्या आहेत, अंगाचे ते अर्धे वळणे सोडण्यासारखे. आणि बॉक्सिंगने जवळजवळ नाकारलेली एक गोष्ट नव्याने शिकायची आहे. समोरच्याची नजर अडेल असा हात ताणून धरणे हौशी बॉक्सिंगमध्ये फाऊल ठरते, म्हणून बॉक्सरला लांब हाताच्या बचावाची सवय नसते. किकबॉक्सिंगमध्ये आणि एमएमएमध्ये पुढचा हात अर्धवट लांबवून अंतर मोजणे, कपाळ किंवा खांदा थोपवणे हे रोजचे काम आहे. के-वन वर्ल्ड मॅक्स २००९ आणि २०१० मध्ये सलग जिंकणारा जॉर्जिओ पेट्रोस्यान याच्या लढती पाहताना त्याचा पुढचा हात आणि पुढचा पाय एकत्र कसे काम करतात तेवढेच पाहा. एमएमएमध्ये मात्र बोटे वर किंवा मुठीत ठेवा. उघडी बोटे डोळ्यात गेली तर समोरच्याच्या दृष्टीला धोका आणि तुमच्यावर फाऊल.

एवढे बदलायचे तर बॉक्सिंग विसरून मुएथाय पहिल्यापासून का शिकू नये, असे कुणी विचारेल. दोन कारणे आहेत. शरीराला मुरलेली सवय पुसली जात नाही. दमल्यावर आणि घाबरल्यावर माणूस तिच्याकडेच परततो. तेव्हा तिच्याशी भांडण्यापेक्षा तिला नव्या पायांवर उभे करणे शहाणपणाचे. दुसरे असे की बॉक्सिंगने दिलेल्या काही गोष्टी कुठेही वाया जात नाहीत: मारताना दुसरा हात गालाशी राहणे, ठोसा टाकून हात त्याच वाटेने परत येणे, हनुवटी खाली, डोळे उघडे, आणि फटका बसल्यावर न गोंधळणे. हे कमवायला वर्षे लागतात. मुएथायचा प्रशिक्षक मिळाला तर जरूर शिका, पण हे भांडवल फेकून देऊ नका.

सराव कुठे करायचा यालाही आपल्याकडे महत्त्व आहे. सड्यावर, कातळावर किंवा जांभ्याच्या फरशीवर पाडण्याचा सराव अजिबात नको. डोके आपटले तर त्याला दुसरी संधी नाही. स्प्रॉल कोरड्या मऊ वाळूवर करा, वळणे आणि पावले ओल्या घट्ट वाळूवर, कारण मऊ वाळूत पाय रुतून घोटा मुरगळतो. आंब्याच्या दिवसांत बागेतल्या कामाने अंग आधीच थकलेले असते आणि उकाडाही असतो. तेव्हा पहाटे, कमी वेळ आणि पाण्याची बाटली जवळ. पावसाळ्यात हॉलमध्ये जावे लागते, तिथे मॅट रोज जंतुनाशकाने पुसून वाळवा. आपल्या दमट हवेत ओल्या मॅटवरून गजकर्ण पसरायला वेळ लागत नाही. स्पॅरिंग एकदम सगळे उघडून करू नका. आधी फक्त जॅब आणि मांडीवरची हलकी लाथ, ती पाय न बिघडवता जमू लागली की अंगावरची लाथ, मग डोक्यावरची, आणि एमएमए करणाऱ्यांनी पकड सर्वांत शेवटी मिसळावी. अठराखालच्या मुलांनी प्रशिक्षक समोर असल्याशिवाय डोक्यावर फटका असलेले स्पॅरिंग करू नये. हेडगिअरने खरचटणे आणि फाटणे कमी होते, मेंदूला बसणारा हिसका थांबत नाही. आणि पोटरीवर लाथ बसल्यावर पावलाचा वरचा भाग बधिर वाटू लागला, किंवा टाच टेकून पुढचा चवडा वर उचलता येईना, तर तो दिवस तिथेच संपवा. पाय चेपू नका, गरम शेक देऊ नका, बर्फ लावा, आणि दुसऱ्या दिवशीही पाऊल उचलता येत नसेल तर मलमावर न थांबता डॉक्टरांकडून तपासून घ्या.